एकसष्ट टक्क्यांनी नापास

"एका विषयात गटांगळी खाल्ली म्हणून माणूस अख्ख्या परीक्षेत बुडाला असं जी व्यवस्था म्हणते, ती व्यवस्था मी आजवर मानली नाही आणि यापुढेही मानणार नाही!"

मास्तरांनी हे वाक्य उच्चारलं तेव्हा त्यांचा उजवा हात वर होता. वाक्य चौकातल्या चबुतऱ्यावरून म्हटलं असतं तर पाचपन्नास माणसांनी टाळ्या वाजवल्या असत्या. पण मास्तर चौकात नव्हते, स्वतःच्या शिंपीकामाच्या दुकानात होते. चबुतऱ्यावर नव्हते, गुडघ्यांवर होते. आणि पाचपन्नास माणसांच्या जागी समोर एकटा वायरमन स्टुलावर उभा होता, नव्या पँटचा एक पाय दुमडून आणि एक पाय लोंबत.

वायरमन म्हणाला, "मास्तर, टाचणी."

"काय टाचणी?"

"माझ्यात गेली."

मास्तरांनी हात खाली घेऊन टाचणी काढली. शिवाय अजून कोणी नापास झालेलंच नव्हतं. निकाल अकराला लागायचा होता आणि आता कुठे पावणेदहा होत होते. पण मास्तरांचा स्वभावच असा, की पूर येण्याआधी पोहायचं आणि पूर आला की काठावर बसून सल्ला द्यायचा.

निकाल मास्तरांच्या मुलाचा नव्हता, मुलीचाही नव्हता. दोघं केव्हाच पास होऊन, लग्नं करून, आपापल्या गावी सुखाने भांडत होती. निकाल होता मास्तरीणबाईंचा. वय वर्षं एकोणपन्नास.

त्याचं असं झालं. गावाच्या दुसऱ्या टोकाला सरकारी प्रशिक्षण केंद्र होतं, आणि तिथे शिवणकाम शिकवायला बाई हवी होती. तिथे आधीच शिकवणाऱ्या तिघींपैकी दोघी कापड बेतायला शिकल्या होत्या मास्तरीणबाईंच्याच टेबलापाशी. पण जाहिरातीत स्पष्ट लिहिलं होतं : शालान्त परीक्षा उत्तीर्ण. मास्तरीणबाईंची शाळा नववीत सुटली होती. मग त्यांनी काय करावं? कोणाला काही न सांगता जवळच्या शाळेतल्या दुपारच्या वर्गात नाव घातलं. हा वर्ग मोठ्यांसाठीचा, शिकवणारी शाळा, परीक्षा घेणारी शाळा, आणि पेपर तपासणारीही तीच. दोन वर्षं त्या रोज दुपारी दोन तास गळ्यात टेप तशीच ठेवून वर्गात बसल्या. आणि आता केंद्राकडे अर्ज द्यायची शेवटची तारीख होती आज. वेळ संध्याकाळी पाच. अर्जाला प्रमाणपत्र जोडलं तर नोकरी जवळपास हातात, नाही जोडलं तर पुढची जाहिरात निघेपर्यंत मास्तरीणबाई पेन्शनीत निघायच्या वयाला पोचणार.

त्या आत टेबलापाशी कापड बेतत होत्या. कात्रीचा आवाज सरळ, एका दमात येत होता.

"अगं, घाबरू नकोस!" मास्तर ओरडले.

"मी कुठे घाबरतेय? तुम्हीच मघापासून वायरमन भाऊजींना टोचताय."

खरं सांगायचं तर मास्तर घाबरले होते, आणि दोन्ही बाजूंनी. ती नापास झाली तर हिरमुसेल ही एक भीती. ती पास झाली तर दुकानात कापड कोण बेतणार ही दुसरी. गावात 'मास्तर' ही पदवी त्यांची होती, पण मास्तर शिवायचे. बेतायची ती. मास्तरांनी एकदा, पंधरा वर्षांपूर्वी, एक कोट स्वतः बेतला होता. तो अजून दुकानात आहे, इस्त्रीखाली घालायला.

आणि या दुकानाचा एक कडक नियम होता. शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात त्याला शिंप्यांकडे माया म्हणतात. माया धरल्याशिवाय माप तोंडातून काढायचं नाही, हा तो नियम. बत्तीस छाती असेल तर कागदावर बत्तीस लिहायचंच नाही, माया धरूनच आकडा लिहायचा. नुसतं माप लिहिलं की कापणारा नुसतं कापतो आणि गिऱ्हाईक श्वास घेताना बटण तोडतं. मास्तरांच्या वडिलांपासून हा नियम चालत आला होता आणि तीस वर्षांत त्यांच्या दुकानातून एकही कपडा 'आखूड झाला' म्हणून परत आला नव्हता.

साडेदहाला दुकानाला कुलूप लागलं. वायरमन पँटसकट निघाला, कारण ती काढायला वेळ नव्हता आणि निकाल बघायचा होता. वाटेत पाववाल्या काकू भेटल्या. त्यांच्या बेकरीची गाडी रिकामी होऊन परत येत होती. "निकाल ना? थांबा, मीही येते," असं म्हणून त्यांनी गाडी सरळ शाळेच्या फाटकाशी लावली.

शाळेच्या पडवीत काचेचं कपाट होतं आणि त्यात निकालाचा कागद लावलेला होता. कागद लांबलचक. नंबर, मग सहा विषय, मग बेरीज, आणि शेवटी शेरा, म्हणजे पास की नापास. पण कागद रुंद आणि कपाट अरुंद, असं जमून आल्यामुळे शिपायाने कागद उजवीकडे सारून बसवला होता, आणि शेऱ्याचा रकाना बरोबर लाकडी चौकटीखाली गेला होता. गुण सगळ्यांना दिसत होते. पास कोण, नापास कोण, ते फक्त चौकटीला ठाऊक होतं. कपाटाची किल्ली शिपायाच्या खिशात होती आणि शिपाई पोस्टात गेला होता.

मास्तरांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "पहिली भाषा अडुसष्ट. वा! दुसरी भाषा एकोणसाठ. इतिहास चौऱ्याहत्तर! अगं, चौऱ्याहत्तर! भूगोल एकाहत्तर! विज्ञान सहासष्ट! गणित..."

इथे मास्तरांचं घोडं पेंड खाऊ लागलं.

"वाचा की," काकू म्हणाल्या.

"गणित एकतीस."

"किती लागतात?"

"पस्तीस," मास्तरीणबाई शांतपणे म्हणाल्या.

"बेरीज बघा, बेरीज!" मास्तरांचा आवाज पुन्हा चढला. "तीनशे एकोणसत्तर! सहाशेपैकी! म्हणजे साडेएकसष्ट टक्के! अगं, हा तर पहिला वर्ग! पहिल्या वर्गातला माणूस नापास कसा होईल?"

"पण गणितात नापास आहे ना," वायरमन म्हणाला.

"गणितात असेल. परीक्षेत नाही!"

आणि मग शाळेच्या पडवीत असा वाद पेटला, की इतर निकाल बघायला आलेली मंडळी आपले गुण विसरून भोवती गोळा झाली.

वायरमन म्हणाला, "हे बघा मास्तर, प्रश्न एवढाच आहे, की ही परीक्षा सिरीजमधे जोडलीय की पॅरललमधे. माळेतले दिवे असतात ना, सिरीजमधले? एक उडाला की अख्खी माळ गुल. घरातले दिवे पॅरललमधे. न्हाणीघरातला बल्ब गेला म्हणून कोणी स्वयंपाकघरात अंधार पाडून बसत नाही. वहिनींची परीक्षा पॅरललमधे असेल तर पास, सिरीजमधे असेल तर..."

"वायरिंग कोणी केलंय त्याला विचारा मग," काकूंनी त्याला मधेच तोडलं. "मला एवढंच कळतं. मी भट्टीत सहा पाव टाकले आणि एक करपला, तर बाकीचे पाच फेकते का मी?"

"आणि त्या करपलेल्याचं काय करता?"

"तुला देते. गेली आठ वर्षं."

हशा पिकला. मास्तरांना वाटलं, आता आपणही काहीतरी तोलामोलाचं बोललं पाहिजे. "कोट घ्या! पाठ उत्तम, कॉलर उत्तम, खिसे उत्तम. एक बाही नाही. त्याला काय म्हणाल? जाकीट म्हणाल!"

"जाकीट दोन्ही बाह्या नसल्यावर होतं हो," मास्तरीणबाई म्हणाल्या. "एक नसली की नुसता घोटाळा."

त्या स्वतः मात्र काचेवर गाल टेकवून, एक डोळा मिटून, चौकटीच्या फटीतून शेरा दिसतो का ते बघत होत्या. मग वायरमनने दुसऱ्या बाजूने गाल टेकवला. मग काकूंनी खालून. तिघांच्या श्वासाने काच अशी धुकटली, की होते ते गुणही दिसेनासे झाले.

"चला हेडबाईंकडे," मास्तरीणबाई पदराने काच पुसत म्हणाल्या. "इथे वर्षभर गाल लावून बसलो तरी काही समजायचं नाही."

हेडबाई दारावर टकटक ऐकून वर बघतात तेवढ्यात सगळे आत आले होते. हेडबाई ठेंगण्या, करड्या केसांच्या. त्यांच्या टेबलावर घंटा, शाईचा पॅड आणि नियमांचं निळं पुस्तक, इतकंच. त्यांनी मास्तरीणबाईंना खुर्ची दिली, बाकीच्यांना भिंत दिली.

"बाई, एकच सांगा," मास्तर म्हणाले. "एकसष्ट टक्के म्हणजे पास ना?"

हेडबाईंनी निळं पुस्तक उघडलं. "नियम सात. सहाही विषय अनिवार्य आहेत. त्यांपैकी एकाही विषयात पस्तीसपेक्षा कमी गुण असल्यास विद्यार्थी परीक्षेत अनुत्तीर्ण."

"बेरीज कितीही असली तरी?"

"कितीही."

"म्हणजे ही साडेएकसष्ट टक्क्यांनी पास नाही?"

"नाही. साडेएकसष्ट टक्क्यांनी नापास आहे."

वायरमन हळूच काकूंना म्हणाला, "सिरीज."

"कृपागुण असतात ना पण?" मास्तरांनी शेवटचा दोर पकडला. "ऐकलंय मी."

"असतात. तीन. यांना कमी पडतात चार."

कृपेलाही शेवटी माप असतं. मास्तरीणबाईंनी गळ्यातली टेप दोन्ही हातांनी धरली आणि ताणली, सोडली, ताणली. भिंतीवरच्या घड्याळात पावणेबारा वाजले होते. मास्तरांच्या छातीत काहीतरी हललं. त्यात, लपवून काय उपयोग, चिमूटभर सुटकेचा निःश्वासही होता : चला, कापड बेतायची सोय झाली. त्या चिमटीची त्यांना लगेच इतकी लाज वाटली, की त्यांनी खिशातला रुमाल काढून विनाकारण चष्मा पुसला.

"पण मला एक कळत नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या. "बीजगणित मला जड जातं, कबूल. भूमिती माझी चोख होती. क्षेत्रफळ, परिमिती हेच तर मी जन्मभर करतेय. तिथे गुण कुठे गेले?"

हेडबाईंनी घंटा वाजवली आणि गणिताच्या बाईंना पेपर घेऊन बोलावलं.

गणिताच्या बाई मास्तरांच्या मुलीपेक्षाही लहान. बाहीवर खडूचे डाग होते आणि कपाळावर, काही सुटलं नाही की पडते ती आठी. हातात मास्तरीणबाईंचा पेपर होता, आणि त्या मास्तरीणबाईंनाच काकू म्हणत.

"काकू, बरं झालं आलात! मी दोन दिवस डोकं खाजवतेय. तुमची रीत बरोबर, सूत्र बरोबर, गुणाकार बरोबर, आणि उत्तर चूक. हे बघा. चाळीस मीटर लांब आणि तीस मीटर रुंद बागेला कुंपण घालायचंय, तार किती लागेल? उत्तर एकशे चाळीस मीटर. तुम्ही एकशे चाळीस काढलंय. मग ते खोडून लिहिलंय, एकशे चाळीस मीटर पाच सेंटिमीटर. पुढचं गणित, टेबलावरचं कापड. पुन्हा पाच सेंटिमीटर जास्त. गोल झाकणाचा परीघ. पाच सेंटिमीटर जास्त! हे पाच सेंटिमीटर येतात कुठून?"

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं.

ते पाच सेंटिमीटर कुठून आले हे त्या खोलीत एकट्या त्यांना ठाऊक होतं. गणिताच्या पेपरला निघताना बायको उंबऱ्यात चप्पल घालत होती, आणि हे मशीनवरून ओरडले होते, "उत्तर घाईत देऊ नकोस! आणि माया धरायला विसरू नकोस!"

आता मूग गिळून बसता आलं असतं. कोणी विचारत नव्हतं. गप्प बसलं तर दुकान वाचत होतं, बेतणी वाचत होती, आणि वर 'मी तर तिच्या बाजूनेच होतो' असं जन्मभर सांगता आलं असतं. मास्तरांनी बायकोकडे बघितलं. ती पेपराकडे बघत होती, आखूड निघालेल्या कपड्याकडे बघावं तशी. तीस वर्षांत तो चेहरा त्यांनी कधी बघितला नव्हता, कारण तीस वर्षांत तिच्या हातून काही आखूड निघालंच नव्हतं.

"बाई, ती माया आहे," मास्तर म्हणाले. "शिवणीसाठी सोडतात ती. आणि ती धरायला मीच सांगितलं होतं. पेपरला जाताना. चूक माझी आहे. नापास करायचं तर मला करा."

"तुम्ही परीक्षेला बसला नव्हता," हेडबाई म्हणाल्या.

"तुम्ही सांगितलं म्हणून नाही हो," मास्तरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही तर रोज शंभर गोष्टी सांगता. मी आपसूकच धरली. आणि बाई, राग मानू नका, पण त्यात चुकलं काय? बागेभोवती बरोब्बर एकशे चाळीस मीटर तार आणली आणि ओढली, तर दोन टोकं एकमेकांना भेटतील, पण जोडणार कशी? पिळायला नको थोडी?"

"वहिनींचं शंभर टक्के बरोबर आहे!" भिंतीपासून वायरमन उसळला. "जोडाला तार लागतेच! मी तर वीतभर सोडतो!"

गणिताच्या बाईंनी पेपराकडे नव्याने बघितलं. "पण काकू, गणितात माया नसते."

"म्हणून तर गणिताचे कपडे कोणी घालत नाही."

हेडबाई हसल्या. पण हसता हसता त्यांनी मान हलवली. उत्तर ते उत्तर. पेपर तपासून झाला, गुण वहीत चढले, नियम सात.

"नियम आठ काय आहे?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"काय?"

"सात वाचलात. त्याखाली आठ आहे. मला उलटं दिसतंय, पण 'एकाच विषयात' असं काहीतरी आहे."

चाळीस गिऱ्हाइकांची मापं उलट्या बाजूने वाचणारे ते डोळे. हेडबाईंनी वाचलं. "केवळ एकाच अनिवार्य विषयात अनुत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यास निकालापासून तीस दिवसांच्या आत त्या विषयाची फेरपरीक्षा देता येईल. हो, आहे ना. महिन्याने घेतो आम्ही ती. तिसाव्या दिवशी."

"तिसाव्या दिवशी असं लिहिलंय?"

"आत असं लिहिलंय. पण पद्धत..."

"बाई, आमचे हे पंधरा दिवसांच्या आत शिवून देतो म्हणतात आणि सोळाव्या दिवशी देतात. आत म्हणजे काय यावर माझी गिऱ्हाइकांशी जन्मभर वादावादी झालीय. आज पहिला दिवस आहे. आज हा तीस दिवसांच्या आत येतो की नाही?"

हेडबाईंनी मास्तरांकडे बघितलं, ते छताकडे बघत होते. त्यांनी निळ्या पुस्तकाकडे बघितलं, मग गणिताच्या बाईंकडे. "दुसरा पेपर काढलेला आहे?"

"कपाटात आहे. सीलबंद." गणिताच्या बाईंची कपाळावरची आठी गेली होती आणि डोळे चमकत होते. "दोन तासांचा आहे. एकला बसलात तर तीनला संपेल. मी तासाभरात तपासते. काकू, बसता?"

"बसले," असं म्हणून मास्तरीणबाईंनी खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"इथे नाही, वर्गात," हेडबाई म्हणाल्या, आणि बऱ्याच वर्षांत बसली नव्हती इतक्या जोरात त्यांनी घंटेवर थाप मारली.

ही बातमी पडवीत आणि पडवीतून रस्त्यावर जायला पाच मिनिटं लागली. एक वाजता शाळेच्या पटांगणात तीसेक माणसं उभी होती, त्यातली निम्मी मास्तरांची गिऱ्हाइकं आणि उरलेली वाद अर्धवट सुटला म्हणून थांबलेली. वायरमनने सिरीज-पॅरललवर तिघांना नवं व्याख्यान दिलं. पँटच्या दुमडलेल्या पायातल्या टाचण्यांमुळे तो बसू शकत नव्हता, त्यामुळे व्याख्यान लांबलं.

मास्तर खिडकीशी होते. वर्गात एकच बाक भरलेला. गणिताच्या बाई म्हणाल्या, "काकू, टेप टेबलावर." मास्तरीणबाईंनी गळ्यातली टेप काढून दिली. दिवसाढवळ्या तिचा मोकळा गळा मास्तरांनी लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच बघितला. त्यांना वाटलं, अरे, ही कोण?

तिने लिहायला सुरुवात केली. बीजगणिताशी ती झगडत होती हे तिच्या खांद्यांवरून कळत होतं. मग भूमिती आली आणि खांदे खाली आले. पेन्सिल धावू लागली. पण प्रत्येक गणिताच्या शेवटी एक गंमत होत होती. उत्तर लिहून झालं की हात पुढे सरकायचा, आकड्याच्या उजवीकडे, आणि तिथे थबकायचा. पेन्सिल हवेत. मास्तरांचा श्वास हवेत. मग ती डाव्या हाताने उजवा हात धरायची आणि खालच्या ओळीवर आणायची, वाट चुकलेल्या पोराला आणतात तसा.

तिसऱ्या वेळी मास्तरांना राहवलं नाही. त्यांनी खिडकीच्या गजांतून अंगठा आणि तर्जनी दाखवून, 'नको, नको, एवढंही नको!' अशी खूण केली.

"मास्तर, कॉपी!" गणिताच्या बाई गरजल्या.

"मी माहिती देत नाहीये, काढून घेतोय!"

त्यांना पटांगणात पाठवण्यात आलं. काकूंनी त्यांच्या हातात एक पाव दिला. तो करपलेला होता, पण मास्तरांना ते खाऊन झाल्यावर कळलं.

तीन वाजता पेपर संपला. तीन ते पावणेचार गणिताच्या बाई दार लावून बसल्या. मास्तरीणबाई पायरीवर बसून समोरच्या बाईच्या बाहीची शिवण निरखत होत्या. त्या घाबरल्या की दुसऱ्यांच्या शिवणी बघत. मास्तर शेजारी बसले.

"झालीस पास," ते म्हणाले, "तर मला बेतायला शिकव. रविवारी."

"तुम्हाला?"

"शिकेन की. तू नववीवरून आलीस, मी त्या कोटावरून येतो."

त्यांनी मास्तरांकडे बघितलं आणि त्या पोट धरून हसल्या. तेवढ्यात दार उघडलं.

"सदुसष्ट!" गणिताच्या बाई पायऱ्यांवरून जवळजवळ उडी मारूनच खाली आल्या. "काकू, सदुसष्ट! भूमितीत फक्त तीन गेले! शेवटच्या गणितात मैदानाला पाच सेंटिमीटर जास्त दिलेत!"

"मैदान मोठं होतं हो," मास्तरीणबाई म्हणाल्या. "म्हटलं, असू दे थोडं."

मग जो कल्लोळ झाला त्यात कोण कोणाच्या गळ्यात पडलं याचा हिशेब लागला नाही. वायरमन उड्या मारत होता आणि प्रत्येक उडीला "आई गं!" म्हणत होता. हेडबाईंनी प्रमाणपत्र स्वतःच्या हाताने लिहिलं, शिक्का मारला, शिक्क्यावर फुंकर घातली. शेऱ्याच्या जागी ठसठशीत अक्षरात लिहिलं, उत्तीर्ण. घड्याळात चार वाजून वीस मिनिटं झाली होती.

"गाडीत बसा!" काकू ओरडल्या.

बेकरीच्या गाडीत ट्रेच्या फळ्यांवर आठ माणसं बसली. मास्तरीणबाई पुढे, दोन्ही हातांनी प्रमाणपत्र धरून, शाई ओली म्हणून. मास्तरांनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं होतं. ओळखीचा दिसला की "पास!", अनोळखी दिसला तरी "पास!" एका वळणावर रस्त्यात हातगाडी आडवी आली. काकूंनी हॉर्न दाबला तो सोडलाच नाही. मास्तरांच्या डोक्यात एव्हाना भाषण तयार झालं होतं. अर्ज घेणाऱ्या माणसाला ते सगळं सांगणार होते : नववी, दोन वर्षं, एकतीस, सदुसष्ट, नियम सात आणि नियम आठ, चारशे पाचची नवी बेरीज, साडेसदुसष्ट टक्के. त्या माणसाचे डोळे पाणावणार होते.

पाचला बारा मिनिटं कमी असताना सगळे केंद्राच्या खिडकीशी पोचले. आत एक कारकून होता. मास्तरीणबाईंनी अर्ज आणि प्रमाणपत्र पुढे केलं. मागे बाकीचे सगळे टाचा उंचावून उभे होते.

कारकुनाने प्रमाणपत्र घेतलं, उलटून मागे काही आहे का ते बघितलं, अर्जाला टाचलं, वहीत एक ओळ लिहिली आणि दोन्ही ट्रेमधे टाकलं.

"सोमवारी या. नऊ वाजता. सामान केंद्राचं मिळेल."

"साहेब," मास्तरांनी घसा साफ केला. "आपण गुण बघितलेत का? म्हणजे, सहाच्या सहा विषयांत..."

कारकुनाने पहिल्यांदाच मान वर केली. त्याने मास्तरांकडे बघितलं, वायरमनकडे, काकूंकडे, आणि खिडकीत दाटीवाटीने डोकावणाऱ्या बाकीच्या सगळ्या तोंडांकडे.

"बघितलं. जरा बाजूला सरता का सगळे? उजेड अडतोय."